शेरा

विहीर क्रमांक सतरा, मरोळ.
अक्षांश-रेखांशांची जागा कोरी. त्याऐवजी लिहिलंय,
"क्रुसापासून बारा पावलं, भेंडीच्या झाडाकडे तोंड करून."
क्रूस आहे अजून, ऑइलपेंट फासलेला.
भेंडी नाही.
बाराव्या पावलाला मी थांबले
ती एका सात मजली इमारतीच्या फाटकात.
रखवालदाराने वही पुढे केली :
नाव, वेळ, कुणाकडे जायचंय.

कुणाकडे.

माझ्या पिशवीतली वही वेगळी, बस्त्याव किणींची.
एकतीस वर्षं दर शुक्रवारी त्यांनी टेप सोडली
गावठाणांतल्या बावीस विहिरींत.
पोलादी टेप, शेवटच्या हातभर खडू चोळलेला.
खडू भिजतो तिथे काळवंडतो.
कठड्यावर धरलेला आकडा, उणे भिजलेला आकडा.
पाणी वाकून बघितलं की दिसतं,
किती खाली आहे ते दिसत नाही,
त्याला वजाबाकीच लागते.

माझं काम हे आकडे संगणकात चढवायचं.
ओळीमागे पैसे.
नव्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही,
तेव्हा तो वाचण्यात वेळ घालवू नये, असं सांगितलेलं.

"विहीर चार : कासव आज दिसलं नाही."
"विहीर नऊ : शेजारी बोअर मारली. पाणी मचूळ."
"विहीर अकरा : उंबराचं पाणी न्यायला वरात आलेली, बँडसकट.
तासभर थांबून पुन्हा मोजलं."
"विहीर चार : कासव आहे."
"विहीर सतरा : बुजवली."

आणि त्याच्या खाली, पुढल्या शुक्रवारी,
विहीर सतरा, तीन पूर्णांक पंच्याऐंशी मीटर.
त्याच्या पुढल्या शुक्रवारी, तीन नव्वद.
अशी आठ वर्षं.

संगणकाने सगळी आठ वर्षं तांबडी केली.
देवस्थळी मॅडम म्हणाल्या, काढून टाक,
घरी बसून भरलेत म्हाताऱ्याने.
मलाही तेच वाटलं होतं.
मे महिन्यात पाणी उतरवायचं, ऑगस्टात चढवायचं,
हे खुर्चीतूनही जमतं कुणालाही.
पण एका जुलैत सतरा नंबर चढलाच नाही,
जिन्यात दम लागल्यासारखा थांबला तीन आठवडे,
आणि सोळा नंबरही थांबला, तेच तीन आठवडे.
एवढं खोटं बोलायला
खरं आधी मोजावं लागतं.

"खडूवाले बाबा ना?" लालमणी म्हणाला.
सव्वीस वर्षं याच फाटकावर आहे तो.
मला पार्किंगमध्ये घेऊन गेला,
चौदा नंबरची स्कूटर बाजूला सारली.
फरशीतून वीतभर वर आलेली लोखंडी नळी,
तिच्यावर दूध पावडरीचा डबा पालथा.
विहिरीत डबर पडायच्या आदल्या रात्री
बाबांनी नळी उभी करून ठेवली होती म्हणे,
मुकादमाला काय दिलं कोण जाणे.
नळीच्या काठावर कानशीने पाडलेली खाच.
बोट लावून पाहिलं. गुळगुळीत.

माझा काटा पाण्याला टेकला की शिट्टी घालतो,
सरकारी खरेदी, महाग.
नळीत मावला नाही.
लालमणीच्या नातीने दप्तरातून खडू दिला,
गुलाबी होता, चालला.
सोळा मिनिटं लागली, दोनदा टेप अडकली.
खाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण,
आणि भरावाच्या फटीफटींतून
जुनी विहीर आपल्या जागी उभी, न दिसता.
टेप वर आली, गुलाबी संपून
एक काळपट ओली रेघ घेऊन.

आता तक्त्यात "प्रकार" म्हणून चारच पर्याय आहेत.
यातला सतरा नंबर कोणता, ते मॅडमना विचारायचंय.
विचारेन सोमवारी.

तोवर स्कूटरच्या सीटवर वही ठेवून
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं,
शाई वेगळी, अक्षर त्यांच्याइतकं सरळ नाही :
विहीर सतरा. तीन ब्याण्णव.
आणि शेऱ्यात,
डबा गंजलाय. नवा आणावा.